मत्तयाचा परूश्यांशी वाद : घरातला की घराबाहेरचा?

धागाकर्ता : शिळाछाप

मत्तयाचे शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रांपैकी एक, सलग वाचायला घेतले की एक गोष्ट लवकरच खटकू लागते. मोशेच्या नियमशास्त्राचा इतका ठाम कैवार उरलेल्या तीन शुभवर्तमानांत कुठेच घेतलेला नाही, आकाश आणि पृथ्वी आहेत तोवर त्यातला काना-मात्राही ढळणार नाही, असे येशू डोंगरावरील प्रवचनात सांगतो (५.१८). शास्त्री (नियमशास्त्राचे जाणकार) आणि परूशी (परंपरा काटेकोर पाळणारा यहुदी पंथ) मोशेच्या आसनावर बसले आहेत, तेव्हा ते सांगतील ते पाळा, असेही तो बजावतो (२३.२-३). मात्र त्याच तेविसाव्या अध्यायात याच मंडळींना उद्देशून धिक्काराचा उद्गार सात वेळा येतो, आणि रोमी सुभेदार पिलातासमोर जमलेल्या लोकांच्या तोंडी ‘त्याचे रक्त आम्हांवर व आमच्या मुलाबाळांवर असो’ (२७.२५) हे वाक्य घालणाराही चौघांत मत्तय एकटाच आहे. यहुदी धर्माच्या इतक्या जवळचा लेखक यहुद्यांच्या पुढाऱ्यांवर इतका का चिडलेला आहे, हा या धाग्याचा विषय.

माझे मत आधीच मांडतो. ही चीड परक्याची नाही. इ.स. ७० मध्ये यरुशलेमचे मंदिर पडल्यानंतर ‘इस्राएलचा वारसा आता कोणी चालवायचा’ या प्रश्नावर एकाच घरातल्या दोन शाखांमध्ये जी भाऊबंदकी झाली, तिच्यातल्या एका बाजूची ही कैफियत आहे. मतभेद फार नव्हते म्हणूनच भाषा एवढी कडवी झाली.

पुरावा कसा तपासायचा? सुदैवाने येथे एक सोय आहे. मार्काचे शुभवर्तमान सर्वांत जुने, साधारण इ.स. ७० च्या आगेमागे लिहिलेले, आणि मत्तयाने ते समोर ठेवून दहा-पंधरा वर्षांनी आपले लिहिले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. मार्काच्या सुमारे ६६० वचनांपैकी ६०० च्या आसपास वचनांतला मजकूर मत्तयाकडे या ना त्या रूपात आलेला आहे. म्हणजे मूळ मसुदा आणि सुधारित मसुदा असे दोन्ही कागद आपल्या हाती आहेत, आणि कोणता शब्द गाळला, कोणता वाढवला, हे ओळीला ओळ लावून पाहता येते.

पहिले उदाहरण हात धुण्याच्या वादाचे. मार्काच्या सातव्या अध्यायात येशूचे शिष्य हात न धुता जेवतात म्हणून परूशी आक्षेप घेतात. तेथे मार्क मध्येच थांबून वाचकांना समजावून सांगतो की परूशी व सगळे यहुदी हात धुतल्याशिवाय जेवत नाहीत, प्याले आणि तांब्याची भांडी पाण्याने शुद्ध करतात, वगैरे. ज्याला हे सांगावे लागते तो वाचक यहुदी नाही, हे उघड आहे. पुढे येशूच्या उत्तराला मार्क स्वतःची पुस्ती जोडतो : असे म्हणून त्याने सर्व अन्न शुद्ध ठरवले (७.१९). मत्तयाने हा प्रसंग पंधराव्या अध्यायात घेतला, पण रिवाजाचे स्पष्टीकरण पूर्ण काढून टाकले, कारण त्याच्या वाचकांना ते घरचेच होते. अन्न शुद्ध ठरवल्याची पुस्तीही काढली, आणि प्रसंगाचा शेवट ‘न धुतलेल्या हातांनी जेवल्याने माणूस विटाळत नाही’ (१५.२०) एवढ्यावर केला. हा फरक फार मोलाचा आहे. जेवणापूर्वी सर्वांनी हात धुवावेत, असे मोशेच्या ग्रंथांत कुठेही सांगितलेले नाही. ती परूश्यांची ‘वाडवडिलांची परंपरा’. मोशेच्या नियमशास्त्रात नसलेले पुष्कळ नियम परूश्यांनी पूर्वजांकडून घेऊन लोकांना लावून दिले आणि सदूकी, म्हणजे मंदिरातल्या याजकवर्गाचा पंथ, ते मानत नसत, असे योसेफस या यहुदी इतिहासकारानेही नोंदवले आहे. म्हणजे मार्काचा येशू मोशेच्या लेवीय ग्रंथातले भक्ष्याभक्ष्याचे नियम मोडीत काढतो, असे वाचता येते. मत्तयाचा येशू ते नियम जागच्या जागी ठेवतो आणि त्यांच्यावर चढवलेली परूश्यांची भर तेवढी नाकारतो.

दुसरे उदाहरण शब्बाथ दिवशी, म्हणजे शनिवारच्या विश्रांतिदिनी, शेतातून जाताना शिष्यांनी कणसे मोडल्याचे. मार्काकडे (२.२३-२८) येशू दाविदाने भुकेपोटी देवाच्या घरातली पवित्र भाकर खाल्ल्याचा दाखला देतो आणि पुढे म्हणतो की शब्बाथ माणसासाठी आहे, माणूस शब्बाथासाठी नाही. मत्तय (१२.१-८) या प्रसंगावर अक्षरशः वकिलासारखा बसला आहे. सुरुवातीलाच तो ‘शिष्यांना भूक लागली होती’ असे घालतो, म्हणजे कृत्याला गरजेचा आधार मिळतो. दाविदाच्या गोष्टीत मार्काने याजकाचे नाव अब्याथार दिले होते, पण शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात ते अहीमलेख आहे. मत्तय नाव गाळून मोकळा होतो. ‘शब्बाथ माणसासाठी’ हे आज सर्वांच्या तोंडी असलेले वाक्यही तो गाळतो, बहुधा ते फार सैल वाटल्यामुळे. त्याऐवजी तो नियमशास्त्रातूनच मुद्दा काढतो : याजक शब्बाथ दिवशी मंदिरात होमबलीचे काम करतात, तरी त्यांना दोष लागत नाही. दाविदाची गोष्ट ही नुसती हकिकत आहे, तिच्यावरून कायदा ठरत नाही; याजकांच्या कामाला मात्र गणना ग्रंथात स्पष्ट आज्ञा आहे. आक्षेप घेणाऱ्याला त्याच्याच रीतीने उत्तर द्यायचे तर असे द्यावे लागते, हे मत्तयाला ठाऊक आहे.

आणि मग त्याच ठिकाणी तो होशेय संदेष्ट्याचे वचन घालतो : ‘मला यज्ञ नको, दया हवी’ (होशेय ६.६). मार्काकडे हे वचन नाही. मत्तयाने ते दोनदा वापरले आहे, नवव्या अध्यायात आणि बाराव्यात. आता याच्या शेजारी यहुदी परंपरेतली एक कथा ठेवून पाहा. मंदिराच्या विध्वंसानंतर रब्बी (यहुदी धर्मशिक्षक) योहानान बेन जक्काई आणि त्यांचे शिष्य यहोशुआ यरुशलेमहून जात असताना भग्न मंदिर दृष्टीस पडते. यहोशुआ हळहळतात की इस्राएलच्या पापांचे प्रायश्चित्त जेथे होत असे ती जागाच गेली. गुरू म्हणतात, दुःख करू नकोस, आपल्याजवळ तितक्याच तोलाचे दुसरे प्रायश्चित्त आहे, दयेची कृत्ये. आणि आधार म्हणून होशेयाचे नेमके हेच वचन देतात. ही कथा ज्या संग्रहात येते तो पुष्कळ उत्तरकालीन आहे, त्यामुळे तिला प्रत्यक्ष घटनेची नोंद मानता येणार नाही. परंतु यज्ञसंस्था बंद पडलेली असताना इस्राएलने देवापुढे कसे उभे राहायचे, हा प्रश्न दोन्ही बाजूंपुढे सारखाच होता आणि दोघांनी धाव घेतली ती एकाच संदेष्ट्याकडे, इतके त्यातून निश्चित दिसते.

मंदिराबरोबर सदूकी याजकवर्गाचा पायाच खचला. मृत समुद्राजवळच्या कुमरान येथील कडक यहुदी पंथाची वस्ती रोमी सैन्याने इ.स. ६८ च्या सुमारास उद्ध्वस्त केली होती. शिल्लक राहिले ते परूश्यांच्या परंपरेतले शिक्षक, जे यावने या गावी जमले आणि ज्यांच्या कार्यातून पुढे इ.स. २०० च्या सुमारास मिश्ना हा रब्बींच्या नियमांचा संग्रह सिद्ध झाला, आणि येशूला मसीहा मानणारे यहुदी. मत्तय दुसऱ्या गटाचा. त्याचा प्रतिस्पर्धी त्यामुळे आपोआपच ठरलेला होता.

प्रतिसाद : हिशेबनीस

लेख आवडला. नाण्यांच्या अभ्यासातून एक भर घालतो. मंदिराच्या पट्टीचा प्रसंग (१७.२४-२७) फक्त मत्तयाकडे आहे. कर गोळा करणारे पेत्राला विचारतात, तुमचा गुरू दोन द्राख्मांची पट्टी भरतो की नाही? येशू म्हणतो की राजाचे पुत्र करातून मोकळे असतात, तरी त्यांना अडखळण नको म्हणून तू जाऊन गळ टाक. पहिल्या माशाच्या तोंडात एक नाणे मिळेल, ते दोघांच्या वतीने दे. ते नाणे चार द्राख्मांचे, म्हणजे दोन माणसांची पट्टी बरोबर भागते.

ही पट्टी मंदिर उभे असताना प्रौढ यहुदी पुरुष मंदिरासाठी भरत. मत्तय लिहीत होता तेव्हा मंदिर नव्हते, पण पट्टी होती! सम्राट वेस्पासियनने तोच दोन द्राख्मांचा कर साम्राज्यातल्या सर्व यहुद्यांवर लावला आणि तो रोममधल्या ज्युपिटर कॅपिटोलिनस या देवाच्या नावे वळवला. इजिप्तमध्ये सापडलेल्या पावत्यांवरून तो स्त्रियांकडून आणि मुलांकडूनही घेतला जात असे, हे दिसते. पुढे सम्राट डोमिशियनच्या काळी वसुली इतकी जाचक झाली की एका नव्वद वर्षांच्या वृद्धाची सुंता झाली आहे की नाही हे भर कचेरीत तपासले गेल्याचे रोमी चरित्रकार सुएटोनियसने लिहून ठेवले आहे. इ.स. ९६ मध्ये सत्तेवर आलेल्या नर्व्हाने हा जाच दूर केल्याचे नाणेच पाडले; त्यावर खजुराचे झाड आहे.

अशा काळात ‘आपण मोकळे आहोत, पण भरून टाका’ ही गोष्ट ज्या मंडळीत सांगितली जात होती, त्या मंडळीला तो कर लागू होत असला पाहिजे. म्हणजे सरकारदरबारी आणि स्वतःच्या मनातही ती यहुदीच होती. धागाकर्त्यांच्या मताला हा पुरावा पूरक ठरावा.

प्रतिसाद : तिरकस_कंस

चित्र जरा जास्तच सुबक रंगवले आहे, असे नम्रपणे नोंदवतो. मत्तय शास्त्रात एवढा काटेकोर असेल, तर यहूदाने येशूला धरून देण्यासाठी घेतलेल्या तीस रुपयांच्या प्रसंगात (२७.९) जखऱ्याचे वचन यिर्मयाच्या नावावर कसे घालतो? यरुशलेमप्रवेशाच्या वेळी त्याने दोन जनावरे आणली आहेत, गाढवी आणि शिंगरू. मार्काकडे एकच शिंगरू आहे. जखऱ्याच्या मूळ काव्यात (९.९) एकच गोष्ट दोन चरणांत फिरवून सांगितली आहे, ही इब्री कवितेची रोजची रीत, ती न ओळखता मत्तयाने येशूला दोन जनावरांवर बसवले. यावरून लेखक जन्माने यहुदी नसावा, असे म्हणणारे अभ्यासकही होऊन गेले आहेत.

दुसरे म्हणजे, तो वारंवार ‘त्यांची सभास्थाने’ म्हणतो. घरातला माणूस असे म्हणेल का? ‘देवाचे राज्य तुमच्याकडून काढून ते फळ देणाऱ्या प्रजेला दिले जाईल’ (२१.४३) हे वाक्य केवळ त्याच्याकडे आहे. लग्नाच्या मेजवानीच्या दाखल्यात राजा चिडून त्यांचे नगर जाळतो (२२.७), हा यरुशलेमच्या पाडावावरचा शेरा आहे आणि त्यात हळहळ औषधालाही नाही. रिकाम्या कबरेविषयीची अफवा ‘यहुदी लोकांत आजपर्यंत प्रचलित आहे’ (२८.१५), असे लिहिणारा माणूस त्या लोकांत स्वतःला मोजत नसावा. आणि शेवटी ‘सर्व राष्ट्रांना शिष्य करा’ अशी आज्ञा आहे, तिच्यात बाप्तिस्म्याचा उल्लेख आहे, सुंतेचा नाही. भाऊबंदकी असेल, पण वाटण्या होऊन गेल्यानंतरची.

प्रतिसाद : शिळाछाप

तिरकस_कंस यांस : यिर्मयाचा मुद्दा बिनतोड आहे. जखऱ्याच्या वचनात यिर्मयाच्या कुंभाराचे आणि शेतखरेदीचे धागे मिसळले आहेत म्हणून मोठ्या संदेष्ट्याचे नाव दिले, असे समर्थन केले जाते. मला ते ओढूनताणून वाटते. दोन गाढवांचे मात्र उलटे आहे. पुढच्या काळातले रब्बीही शास्त्रातला एकही शब्द फुकट नसतो असे मानून जोडचरणातून दोन वेगळ्या गोष्टी काढत असत. म्हणजे ज्याला आपण काव्याचे अज्ञान म्हणतो ती कदाचित त्या काळची शास्त्रार्थाची शिस्त असेल.

‘त्यांची सभास्थाने’ हा प्रयोग मार्काकडेही एखाद-दुसऱ्या ठिकाणी आहे, पण मत्तयाकडे त्याचे प्रमाण वाढते, हे मान्य. मात्र दहाव्या अध्यायात तो म्हणतो, ‘ते आपल्या सभास्थानांत तुम्हांला फटके मारतील’ (१०.१७). सभास्थानाची शिक्षा कोणाला होते? जो त्या सभास्थानाच्या अधिकाराखाली आहे त्याला. प्रेषित पौलाने आपल्याला एकोणचाळीस फटक्यांची शिक्षा पाच वेळा झाल्याचे लिहिले आहे. उठून निघून गेला असता तर एकदाही झाली नसती. रागाने ‘त्यांचे’ म्हणणे आणि तरीही त्यांच्या शिक्षेच्या आवाक्यात राहणे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. २१.४३ च्या पुढची वचनेही (२१.४५-४६) वाचावीत : तो दाखला आपल्याविषयी आहे, हे मुख्य याजकांनी आणि परूश्यांनी ओळखले, लोक मात्र येशूला संदेष्टा मानत होते. तेथे ‘तुमच्याकडून’ म्हणजे पुढाऱ्यांकडून, प्रजेकडून नव्हे.

प्रतिसाद : पोथीघर

चर्चा परूशी आणि मत्तय या दोघांतच फिरते आहे, त्यात तिसरा पक्षकार आणतो. बाराव्या अध्यायात कणसांच्या प्रसंगाला लागूनच येशू विचारतो, तुमच्यापैकी कोणाचे एकुलते एक मेंढरू शब्बाथ दिवशी खड्ड्यात पडले तर तो त्याला वर काढणार नाही काय? (१२.११) प्रश्न असा टाकला आहे की उत्तर ‘अर्थातच काढेल’ हेच यावे. पण मृत समुद्राजवळच्या कुमरान गुहांत ज्याच्या प्रतींचे तुकडे मिळाले, त्या ‘दमास्कस दस्तऐवज’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नियमग्रंथात याच प्रश्नाचे उत्तर स्पष्ट ‘नाही’ असे आहे : जनावर टाकीत किंवा खड्ड्यात पडले तरी शब्बाथ दिवशी त्याला वर काढू नये. तालमूदमध्ये, म्हणजे मिश्नेवरच्या रब्बींच्या चर्चांच्या संग्रहात, मधला मार्ग दिसतो. जनावराला तेथेच चारा द्यावा, खाली गाद्या-उशा टाकाव्यात, त्यावरून ते आपणहून वर आले तर आले.

म्हणजे खड्ड्यातले मेंढरू ही येशूने किंवा मत्तयाने सुचवलेली कल्पना नव्हती. त्यावर प्रत्यक्ष वाद चालू होता, आणि त्या वादात मत्तयाचा येशू कुमरानच्या कडक लोकांपेक्षा परूश्यांच्या कितीतरी जवळ उभा आहे. जीव वाचवण्यासाठी शब्बाथ बाजूला ठेवता येतो, हे तत्त्व पुढे मिश्नेतही आले. भांडण जवळच्यांशीच जास्त होते, या धागाकर्त्यांच्या म्हणण्याला यातून बळ मिळते. दूरच्या कुमरानवाल्यांना मत्तय नाव घेऊन एकदाही झोडपत नाही.

‘संदेष्ट्याच्या द्वारे जे सांगितले होते ते पूर्ण व्हावे म्हणून’ हे मत्तयाचे पालुपदही कुमरानच्या शेजारी ठेवावे. १९४७ मध्ये पहिल्या गुहेत सापडलेल्या हबक्कूक संदेष्ट्याच्या ग्रंथावरील भाष्यात प्रत्येक वचनाखाली ‘याचा अर्थ असा’ म्हणून ते वचन त्या पंथाच्या गुरूला आणि त्याच्या शत्रूला लावलेले आहे. शेकडो वर्षांपूर्वीचा संदेष्टा आपल्याच दिवसांविषयी बोलत होता, ही श्रद्धा दोन्हीकडे सारखी आहे. रचना मात्र निराळी : कुमरानचा भाष्यकार ग्रंथ धरून चालतो आणि त्यात घटना बसवतो, तर मत्तय चरित्र धरून चालतो आणि त्यात ग्रंथ बसवतो.

प्रतिसाद : रेवदंडा_खाडी

आमचे घराणे कोकणातल्या बेने इस्राएल या यहुदी समाजापैकी. आजोळी तेल गाळण्याचा व्यवसाय होता आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक आम्हांला ‘शनिवार तेली’ म्हणत, हे येथे अनेकांना ठाऊक असेल. आमच्या समाजाची स्वतःविषयीची आठवण अशी की कोकणात आलेल्या पूर्वजांकडे शब्बाथ, सुंता, खाण्यापिण्याचे नियम आणि ‘शेमा इस्राएल’ (‘हे इस्राएला, ऐक’ ही प्रार्थना) एवढे टिकून राहिले. रब्बींच्या परंपरेची ओळख पुष्कळ नंतर, बाहेरून आलेल्या शिक्षकांमुळे झाली. म्हणून ‘यहुदी धर्म म्हणजे रब्बींचा धर्म’ हे समीकरण मला कधीच आपोआप पटत नाही.

याच शेमाविषयी एक शंका आहे. मार्काच्या बाराव्या अध्यायात एक शास्त्री येऊन पहिली आज्ञा कोणती म्हणून विचारतो, येशू ‘हे इस्राएला, ऐक’ येथूनच उत्तराला सुरुवात करतो, शास्त्री मनापासून दुजोरा देतो आणि येशू त्याला ‘तू देवाच्या राज्यापासून दूर नाहीस’ असे म्हणतो. सबंध शुभवर्तमानात शास्त्र्याशी झालेले इतके प्रेमाचे संभाषण दुसरे नाही. मत्तयाने (२२.३४-४०) शेमाचे ते पहिले वाक्य का गाळले, आणि त्या भल्या माणसाला परीक्षा पाहायला आलेला परूशी का केले?

प्रतिसाद : शिळाछाप

तुमचा प्रश्न माझ्या मांडणीला सर्वांत अडचणीचा आहे. शेमाचे वाक्य लूकही गाळतो, त्यामुळे त्या प्रसंगाची दुसरी एखादी आवृत्ती दोघांसमोर असावी, असे एक उत्तर देता येते. शास्त्र्याचा स्वभाव बदलण्याला मात्र ते पुरत नाही. तेथे मत्तय लिहिताना तीसच्या दशकातला शास्त्री पाहत नाही, तो आपल्या गावातला, आपल्या काळातला प्रतिस्पर्धी पाहतो आहे. त्या प्रतिस्पर्ध्याच्या तोंडी ‘गुरुजी, बरोबर बोललात’ हे वाक्य त्याला घालवेना. भाऊबंदकीत असेच होते : आजोबांच्या काळी दोन्ही घरे एका पंगतीला बसत होती, हे आठवायलाही कोणी तयार नसते. मात्र त्याने एक भर घातली, ती पाहावी : ‘या दोन आज्ञांवर सर्व नियमशास्त्र व संदेष्टे अवलंबून आहेत.’ माणूस वैरी झाला, शास्त्र आपलेच राहिले.

प्रतिसाद : नाताळगोठा

मी वसईकडचा कॅथलिक. झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आदल्या रविवारी) तीन वर्षांच्या चक्रात एका वर्षी मत्तयाचे दुःखसहनाचे वर्णन वाचले जाते आणि जमावाची वाक्ये आम्ही भाविकच मोठ्याने म्हणतो. म्हणजे ‘त्याचे रक्त आम्हांवर’ हे वाक्य चर्चमध्ये आमच्याच तोंडी असते. त्या वेळी ते दुसऱ्या कोणाविषयी आहे, असे वाटत नाही. पण शतकानुशतके ते दुसऱ्यांविषयीच वाचले गेले आणि त्यातून युरोपात काय घडले, हे जगाला ठाऊक आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी प्रसिद्ध केलेल्या घोषणापत्रात, येशूच्या मरणाचा दोष त्या काळच्या सर्व यहुद्यांवर सरसकट किंवा आजच्या यहुद्यांवर लादता येणार नाही, असे स्पष्ट म्हटले. हे म्हणायला १९६५ साल का उजाडावे लागले, असा प्रश्न माझ्या मनात आहे. घरातले भांडण बाहेर नेले कोणी?

प्रतिसाद : शिळाछाप

२७.२५ चे शब्द नीट तोलून पाहू. रक्ताचा दोष एखाद्याच्या वंशावर घालण्याची भाषा जुन्या करारातलीच आहे. राजांच्या पहिल्या पुस्तकात (२.३३) शलमोन राजा सेनापती यवाबाविषयी म्हणतो की त्याने मारलेल्या दोघांचे रक्त यवाबाच्या आणि त्याच्या वंशजांच्या माथी ‘निरंतर’ राहील. मत्तयाकडे ‘निरंतर’ हा शब्द नाही. ‘आम्ही’ आणि ‘आमची मुले’, एवढेच. येशूच्या क्रूसानंतर सुमारे चाळीस वर्षांनी यरुशलेम जळाले, तेव्हा वेढ्यात सापडलेली पिढी त्याच मुलांची होती. मत्तयाला सांगायचे होते ते या आपत्तीचे कारण, आणि पापामुळे नगरावर अनर्थ ओढवतो ही कारणमीमांसा त्याने यिर्मयापासून चालत आलेली घेतली. योसेफसनेही, स्वतः यहुदी असून, मंदिराच्या नाशाचा दोष आपल्याच लोकांतल्या बंडखोरांवर ठेवला. कारणमीमांसा म्हणून ती कठोर आहे, मला ती न्याय्यही वाटत नाही. पण ती मर्यादित होती.

बाहेर नेली ती पुढच्या वाचकांनी. इ.स. ११० च्या आसपास अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस लिहितो की येशू ख्रिस्ताचे नाव घ्यायचे आणि यहुदी रिवाज पाळायचे, हे विपरीत आहे. बरेच अभ्यासक मत्तयाचे शुभवर्तमान याच अंत्युखियात लिहिले गेले असे मानतात. तसे असेल तर ज्या नगरात काना-मात्राही न ढळण्याची ग्वाही लिहिली गेली, तेथेच एका पिढीत हे घडले. दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात सार्दिसचा बिशप मेलितो आपल्या वल्हांडणाच्या प्रवचनात इस्राएलने देवालाच मारले, असा आरोप करतो. मेलितोला मत्तयासारखे कोणा सभास्थानात फटके खाण्याचे भय नव्हते, आणि त्याच्या श्रोत्यांत दोन द्राख्मांची पट्टी भरणारा कोणी असण्याचा संभवही कमीच.

प्रतिसाद : तिरकस_कंस

मेलितोचा दाखला योग्य आहे. तरीही लग्नाच्या दाखल्यातले जळालेले नगर माझ्या मनातून जात नाही. लूकाकडे (१४.१५-२४) त्याच दाखल्याचे दुसरे रूप आहे, तेथे यजमान रागावतो, रस्त्यावरच्या गोरगरिबांना बोलावतो, आणि कोणाचेही घर जाळत नाही. ही आग मत्तयाने आपल्या हाताने लावलेली आहे. ती त्याने घरात उभे राहून लावली की रस्त्यावर, यावर आपले एकमत होणे कठीण दिसते.